आइसलँडचं भूऔष्णिक प्रशिक्षण: पुण्यातून अर्ज कसा करायचा?

सह्यकातळ, पुणे
भूशास्त्रात एम.एस्सी. झालंय, भूजल सल्लागार फर्ममध्ये दोन वर्षं कायम नोकरी आहे. आइसलँडच्या सहा महिन्यांच्या भूऔष्णिक (जमिनीखालच्या उष्णतेच्या वापराच्या) प्रशिक्षणाचा फॉर्म कुठेच सापडत नाही. सुरुवात कुठून करू? आधी तयारी काय करावी?

वाफारा
फॉर्म सापडणार नाही, कारण तिथे वैयक्तिक अर्ज घेतच नाहीत. १९७९ पासून चालणारा हा अभ्यासक्रम आता युनेस्कोच्या छत्राखाली आहे. नाव तुमच्या संस्थेनं सुचवायचं. पदवी, चांगलं इंग्रजी, कायम नोकरी, भूऔष्णिक कामाचा किमान १ वर्षाचा अनुभव, वय ४० च्या आत. बहुतेकांचं घोडं अडतं ते अनुभवापाशी. नुसत्या बोअरवेलच्या कामानं भागत नाही, म्हणून आधी फर्मला कोकणातल्या गरम झऱ्यांचं काम हाती घ्यायला लावा.

खनिजपाणी
बरोबर. शेवटी प्रत्येकाला प्रकल्प अहवाल लिहावा लागतो, तेव्हा आपल्या भागाचा डेटा हाताशी असलेला बरा. तुरळ, उन्हवरे, गणेशपुरी यांपैकी एक जागा धरा.

पाण्याचा नमुना आंघोळीच्या कुंडातून घेऊ नका, त्यात साबण असतो. बुडबुडे येतात त्या मुखाशीच घ्या. बाटली प्लास्टिकची हवी, काचेतून सिलिका आणि बोरॉन पाण्यात उतरतात. पाणी आधी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, मगच धातू तपासायच्या बाटलीत नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणा. क्रम उलटा झाला की गाळाची माती विरघळते आणि लोह, ॲल्युमिनियम फुगून येतं. क्लोराइड, सल्फेटची बाटली आम्लाविना. पीएच जागेवरच मोजा, बायकार्बोनेट त्याच दिवशी. कार्बन डायऑक्साइड उडून गेला की दोन्ही आकडे बिघडतात. आयन संतुलनातली (धन आणि ऋण आयनांच्या भारांच्या बेरजेतली) चूक ५ टक्क्यांच्या वर गेली तर तो नमुना बाद.

आणि सोडियम-पोटॅशियमच्या प्रमाणाच्या सूत्रानं जमिनीखाली खोलवरचं तापमान काढायची घाई नको. समुद्राचं किंवा उथळ भूजल मिसळलेलं असेल तर ते सूत्र साफ फसवतं. आधी गिगेनबाखच्या त्रिकोणात (सोडियम-पोटॅशियम-मॅग्नेशियमच्या आलेखात) बिंदू टाकून बघा, पाणी खडकाशी समतोलात आहे का ते तिथेच कळतं.

सह्यकातळ, पुणे
फर्म नाहीच म्हणाली तर?

वाफारा
ऑकलंड विद्यापीठाच्या भूऔष्णिक सर्टिफिकेट कोर्सला स्वतः अर्ज करता येतो, पण फी भरावी लागते. आइसलँडला शिकणं, राहणं, प्रवास सगळं शिष्यवृत्तीत येतं. त्यामुळे साहेबांपुढे नुसती विनंती नेऊ नका, एका झऱ्याच्या पाण्याचं पूर्ण रासायनिक पृथक्करण घेऊन जा.