विंडोज १० वरून ११ वर आलोय, डोकं फिरलंय. मागे जाऊ का थांबू?

कळफलक_७

मंडळी मदत हवीये, आणि थोडी भडास पण काढायचीये. लॅपटॉप विंडोज १० वर मस्त चालला होता, काही तक्रार नव्हती. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला १० चा सपोर्ट, म्हणजे मोफत सिक्युरिटी अपडेट, संपला, बँकेची कामं याच मशीनवर करतो, त्यामुळे किती दिवस टाळणार म्हणून शेवटी अपग्रेड मारला. क्लीन इन्स्टॉल नाही, सेटिंग्जमधून येतो तोच, फाइल्स आणि प्रोग्रॅम जागच्या जागी ठेवून. इन्स्टॉल अगदी सुरळीत झालं, वैताग त्यानंतर सुरू झाला.

मशीन आठव्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. म्हणजे कुठला जुगाड करून टाकलेलं नाहीये, अधिकृतपणे चालतं असंच तपासणीत आलं होतं.

आता ऐका. पंखा थांबतच नाही, नुसता ब्राउझर उघडला तरी घरघर सुरू. राइट क्लिक केलं की निम्मा मेनू गायब, झिप करायच्या प्रोग्रॅमचा ऑप्शन हवा असेल तर आधी 'शो मोअर ऑप्शन्स' दाबा मग जुना मेनू दर्शन देतो, हे नक्की कोणाच्या सोयीसाठी केलंय? टास्कबार माझा कित्येक वर्षं डाव्या कडेला उभा होता, तो आता खाली आडवा आणि स्टार्टचं बटण मधोमध, हात अजून डाव्या कोपऱ्यातच जातो. डेस्कटॉपवरच्या फाइल्सना ढगाचं चिन्ह आलंय आणि नेट गेलेलं असताना त्यातली एक उघडलीच नाही. माझ्या मशीनवरची फाइल, माझ्या डेस्कटॉपवरची, आणि नेट नाही म्हणून उघडणार नाही म्हणे!

आणि सगळ्यात मोठं दुखणं स्कॅनर. जुना फ्लॅटबेड आहे, कंपनीचं नाव घेत नाही, त्यांनी या मॉडेलसाठी ११ चा ड्रायव्हर (विंडोजला स्कॅनर चालवता यावा म्हणून लागणारं सॉफ्टवेअर) काढलेलाच नाही. १० वर बिनतक्रार चालायचा, आता डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण. वर सी ड्राइव्ह जवळजवळ भरलाय, विंडोज डॉट ओल्ड नावाचं, जुनी विंडोज साठवलेलं एक अगडबंब फोल्डर येऊन बसलंय.

तर परत १० वर जाऊ, सगळं पुसून क्लीन इन्स्टॉल करू, की गप्प बसून सवय होऊ देऊ?


निळा_पडदा

क्लीन इन्स्टॉल. विषय संपला. जुन्यावर नवीन चढवलं की दहा वर्षांचा कचरा सोबत येतो, मी कधीच अपग्रेड करत नाही. आणि ते विंडोज डॉट ओल्ड आधी उडवा, डिस्क क्लीनअपमध्ये 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स'वर टिक करा, ढीगभर जागा मोकळी होईल.


रात्रपाळी

थांबा थांबा, ते फोल्डर आत्ता अजिबात उडवू नका!! मागे जायचा रस्ता त्याच फोल्डरमधून आहे. सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी मध्ये 'गो बॅक' बटण आहे ते फक्त अपग्रेडपासून १० दिवस चालतं, नंतर विंडोज स्वतःच ते फोल्डर काढून टाकतं, आणि तुम्ही आधीच काढलंत तर बटण तेव्हाच गेलं. मग १० हवं असेल तर पुसून नव्याने टाकायचं. जाऊ का नको हा प्रश्न विचारताय म्हणजे तो रस्ता अजून उघडा हवा ना.

आता तुमच्या तक्रारी वेगवेगळ्या करू, कारण तुम्ही सगळ्याचा एकच गोळा केलाय म्हणून ते एवढं भयंकर वाटतंय. यातल्या काही आपोआप जाणाऱ्या आहेत, काही नुसत्या हाताच्या सवयीच्या आहेत आणि खरी मोडलेली गोष्ट माझ्या मते एकच आहे, स्कॅनर.

पंखा पहिल्या प्रकारातला. अपग्रेडनंतर सर्चचा इंडेक्स (फाइल्सची यादी) नव्याने बनतो, डिफेंडर (विंडोजचा अँटीव्हायरस) स्कॅन करतं, स्टोअरचे अ‍ॅप एकेक करून अपडेट होतात, ड्रायव्हर मागच्या मागे डाउनलोड होतात, आणि हे सगळं तुम्ही काम करत असतानाच. टास्क मॅनेजर उघडून सीपीयूच्या कॉलमवर क्लिक करा, वर सर्च इंडेक्सर किंवा अँटीमालवेअर सर्व्हिस असं काही दिसलं तर त्याला हात लावू नका. एक रात्र चार्जर लावून, स्लीप बंद करून लॅपटॉप चालू ठेवा आणि सकाळी रीस्टार्ट करा. शटडाउन नाही, रीस्टार्ट, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये कर्नल (विंडोजचा गाभा) पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतो. त्यानंतरही तसंच असेल तर मग बघू. लोक पहिल्याच संध्याकाळी 'स्लो आहे' म्हणून फॉरमॅट मारतात आणि हीच सगळी कामं पुन्हा पहिल्यापासून सुरू करून देतात.

राइट क्लिकसाठी शिफ्ट दाबून ठेवून राइट क्लिक करा, थेट जुना मेनू येतो. हे फाइल एक्सप्लोररमध्ये आणि डेस्कटॉपवर चालतं. रजिस्ट्रीतून (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यातून) जुना मेनू कायमचा आणता येतो पण मी तरी शिफ्टवरच भागवतो, मोठं अपडेट आलं की असल्या उचापती कधी उलटतील सांगता येत नाही.

स्टार्टचं बटण डावीकडे नेता येतं. सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार, मग खाली टास्कबार बिहेव्हियर्स, तिथे अलाइनमेंट लेफ्ट करा. त्याच पानावर चिन्हं एकत्र न करता नावासकट वेगवेगळी दाखवायची सोय पण आहे. २०२१ मध्ये ११ आलं तेव्हा ती काढून टाकली होती, लोकांनी एवढा आरडाओरडा केला की २०२३ मध्ये परत आली.


टर्मिनलवाली

रात्रपाळींशी सहमत, आणि निळा_पडदा यांच्याशी अजिबात नाही. क्लीन इन्स्टॉल केल्याने स्कॅनरचा ड्रायव्हर कुठून येणार आहे? उलट आत्ता निदान जुन्या ड्रायव्हरच्या फाइल्स त्या विंडोज डॉट ओल्डमध्ये पडलेल्या असतील, पुसलं की त्याही गेल्या.

कळफलक, डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पिवळ्या त्रिकोणावर डबल क्लिक करा आणि खाली लिहिलेला कोड नंबर वाचा. नुसता त्रिकोण बघून काही कळत नाही, सगळं त्या नंबरात असतं. २८ असेल तर ड्रायव्हर इन्स्टॉलच नाहीये. ३९ असेल तर ड्रायव्हर आहे पण विंडोजला तो लोड करता येत नाही, आणि ५२ म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल सही पटत नाहीये. ३९ वाल्यांनी विंडोज सिक्युरिटीमध्ये डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन उघडून मेमरी इंटेग्रिटी चालू आहे का बघायचं, ती चालू असली की बरेच जुने ड्रायव्हर दारातच अडवले जातात. ती बंद केली की स्कॅनर चालेलही कदाचित, पण ज्या मशीनवर बँकेची कामं करता त्यावर मी तरी करणार नाही.

ढगाचं चिन्ह म्हणजे तुमचा डेस्कटॉप आता वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये गेलाय. सेटअपच्या वेळी किंवा नंतर एखाद्या पॉपअपमध्ये बॅकअपला हो म्हटलं जातं, ते पान असंच असतं की पुढे जायच्या नादात हो दाबलं जावं. ढग म्हणजे फाइल फक्त ऑनलाइन आहे, हिरवी टिक म्हणजे मशीनवर पण आहे. आत्तापुरतं डेस्कटॉपवरचं सगळं सिलेक्ट करून राइट क्लिक करा आणि 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' द्या, जागा पुरेल एवढंच आधी बघा. बॅकअपच नको असेल तर वनड्राइव्हच्या सेटिंग्जमधून बंद करता येतो, पण बंद केल्यावर डेस्कटॉप एकदम रिकामा दिसला तर घाबरून काहीतरी करू नका, फाइल्स वनड्राइव्ह फोल्डरच्या आतल्या डेस्कटॉप फोल्डरमध्ये असतात, तिथून हलवून आणायच्या. तिथून डिलीट केल्या तर ऑनलाइनही डिलीट होतात, हे विसरायचं नाही. आणि फुकट जागा ५ जीबीच आहे, ती भरली की सिंक थांबतं आणि आठवण करून देणारे पॉपअप चालू होतात, तो वेगळा छळ.

अजून एक. १० दिवस कमी वाटत असतील तर अ‍ॅडमिन टर्मिनलमधून डिसम (विंडोजचंच एक टूल) कमांडने 'गो बॅक'ची ती मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण मुदत संपायच्या आधीच, नंतर नाही. आणि मागे गेलात तर तुमच्या फाइल्स राहतात, मात्र अपग्रेडनंतर टाकलेले प्रोग्रॅम आणि बदललेली सेटिंग्ज जातात. फाइल्स राहतात म्हणून बॅकअप न घेता बटण दाबायचं असं नाही हां.


निळा_पडदा

बरं बाई, विंडोज डॉट ओल्डचं मान्य. पण वर्षभर तोच लॅपटॉप वापरल्यावर कळेल की क्लीन का म्हणत होतो.


जुनं_खोड

यावर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. १० वर परत जायचंच असेल तर तसंच उघडं राहू नका, घरगुती वापरासाठी वाढीव सिक्युरिटी अपडेटची योजना आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. त्यात नाव नोंदवावं लागतं, आपोआप मिळत नाही. आणि मिळतात ते फक्त सिक्युरिटी अपडेट, नवीन काही नाही. म्हणजे मागे जाऊन प्रश्न सुटत नाही, फक्त पुढे ढकलला जातो. ज्यांचं मशीन टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) किंवा प्रोसेसरच्या अटीत बसतच नाही त्यांच्यासाठी ती योजना ठीक आहे, तुमचं तर बसलंय.

दुसरं, एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणं) चालू आहे का ते सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली बघून घ्या. चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा किंवा दुसऱ्या ठिकाणी सेव्ह करा. बायोस (विंडोजच्या आधी सुरू होणारं मशीनचं सॉफ्टवेअर) अपडेट केलं किंवा टीपीएममध्ये काही बदललं तर मशीन सुरू होतानाच ती की मागू शकतं, आणि तेव्हा ती त्याच मशीनच्या आत असून काही उपयोग नसतो. विषयाला सोडून आहे पण लोक नव्या सिस्टमचे रंग लावत बसतात आणि हे बघत नाहीत.


कळफलक_७

सगळ्यांना धन्यवाद, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. रात्रभर चालू ठेवला, रीस्टार्ट केला, पंखा खरंच शांत झालाय. १० वर होता तेवढा नाही, पण माणसात आलाय. शिफ्टवालं पण जमतंय. ढगाचं केलं, सगळ्या फाइल्सना हिरवी टिक आलीये, बॅकअप बंद करायचा का ते नंतर ठरवीन.

स्कॅनरचा कोड २८ आहे. आणि एन्क्रिप्शन चालू निघालं, रिकव्हरी की लिहून ठेवली.


टर्मिनलवाली

२८ म्हणजे तुमचं नशीब चांगलं. ११ चा ड्रायव्हर नाही म्हणून अडून बसू नका, १० साठीचाच टाका. ११ आतून अजूनही स्वतःला १०.० च म्हणवतं, फक्त बिल्ड नंबर (आतला आवृत्ती क्रमांक) २२००० पासून पुढे, त्यामुळे १० चे ६४ बिटवाले ड्रायव्हर बहुतेक वेळा चालतात. ३२ बिटचा मात्र नाही चालणार, ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं.

कंपनीचा इन्स्टॉलर 'ही विंडोज चालत नाही' म्हणून नाटक करेल तर त्याच्या नादी लागू नका. पॅकेज एका फोल्डरमध्ये उघडा, आत आयएनएफ फाइल (ड्रायव्हर कसा बसवायचा ते विंडोजला सांगणारी) सापडते का बघा, मग डिव्हाइस मॅनेजरमधून अपडेट ड्रायव्हर, ब्राउज माय कॉम्प्युटर, आणि ते फोल्डर दाखवा.


कळफलक_७

झालं!! त्रिकोण गेला, स्कॅनर नावासकट दिसतोय. पण कंपनीचा स्कॅन करायचा प्रोग्रॅम उघडताच बंद होतो, एरर पण देत नाही.


रात्रपाळी

तो सोडून द्या. ड्रायव्हर बसला म्हणजे स्कॅनर विंडोजला दिसतोय, मग कुठलाही दुसरा प्रोग्रॅम चालेल. स्टोअरमध्ये विंडोज स्कॅन नावाचं साधं अ‍ॅप आहे, नाहीतर नॅप्स२ टाका, मोफत आहे, ओपन सोर्स आहे, अनेक पानांची एक पीडीएफ करून देतं. त्यात प्रोफाइल बनवताना ड्रायव्हर विचारतो तिथे आधी डब्ल्यूआयए घ्या, नाही जमलं तर ट्वेन, दोन्ही स्कॅनरशी बोलायच्या पद्धती आहेत.


कळफलक_७

नॅप्स२ वर डब्ल्यूआयएने स्कॅन आलं. कंपनीच्या प्रोग्रॅमपेक्षा बरंच आहे हे खरंतर, तो दरवेळी आधी जाहिरात दाखवायचा. मागे जात नाही आता.

फक्त टास्कबार डाव्या कडेला उभा कसा करायचा ते कोणीच सांगितलं नाही.


रात्रपाळी

मुद्दामच टाळत होतो. ११ आलं तेव्हा ती सोयच काढून टाकली, तुमच्या बिल्डमध्ये टास्कबार बिहेव्हियर्समध्ये जागा बदलायचा ऑप्शन दिसत नसेल तर सरळ मार्ग नाही. बाहेरची टूल्स आहेत, एक्सप्लोररपॅचर, स्टार्टऑलबॅक वगैरे, पण ती विंडोजच्या आतल्या भागात हात घालतात, मोठं अपडेट आलं की टास्कबारच गायब झाल्याचे धागे लगेच सुरू होतात. निदान ते १० दिवस संपेपर्यंत तरी टाकू नका, नाहीतर काय कशामुळे बिघडलं ते शोधत बसाल.


निळा_पडदा

मी टाकलंय, उभा टास्कबार मस्त चालतोय. क्लीन इन्स्टॉलवर 😄