सोळा-सतरा वर्षांच्या मुलांची मुलाखतीची तयारी कशी करून घ्यावी?

फळा_खडू:
१२ मुलं आहेत, दीड-दीड तासाची चार सत्रं मिळणार आहेत. सुट्टीतली किंवा अर्धवेळ कामं शोधतायत: दुकानाचा काउंटर, ग्रंथालय, पार्सलची वर्गवारी. 'स्वतःबद्दल सांगा'चं उत्तर सगळ्यांना तोंडपाठ आहे, पण मध्येच उपप्रश्न आला की गाडी अडते. अनुभव विचारला तर 'काहीच नाही' म्हणतात. सुरुवात कुठून करू?

निवडसमिती:
ती पाठ केलेली उत्तरं आधी बाजूला ठेवायला लावा. पाठांतरात एका वाक्याच्या आधाराने पुढचं आठवतं, त्यामुळे कोणी मध्ये टोकलं की सगळंच विसरतं. त्याऐवजी प्रसंग जमवा. पहिलं सत्र अख्खं यातच गेलं तरी चालेल.

प्रत्येकाने पाच प्रसंग काढायचे: कोणाला काही शिकवलं, वेळेत काम उरकलं, भांडण मिटवलं, चूक निस्तरली, पैसे किंवा वस्तू सांभाळली. घरातली, शाळेतली, मैदानावरची, कुठलीही कामं चालतील. 'काहीच नाही' तिथेच संपतं. एका प्रसंगाला एक कार्ड, त्यावर चार ओळी: परिस्थिती काय होती, माझ्याकडे कोणतं काम होतं, मी काय केलं, पुढे काय झालं. पूर्ण वाक्यं लिहू देऊ नका, नाहीतर तीही पाठ करतील.

तिसऱ्या ओळीत हमखास 'आम्ही' येतं. 'आम्ही प्रदर्शन भरवलं' यावरून त्या मुलीने काय केलं ते कळत नाही. 'तिकिटांचा हिशेब माझ्याकडे होता, रोज रोकड आणि पावत्या जुळवून बघायचे' हे कळतं, आणि काउंटरच्या कामाला थेट लागू पडतं. उत्तर साधारण ६० ते ९० सेकंदांचं, त्यातला निम्मा वेळ या ओळीला.

तिसरी_खुर्ची:
वरच्याशी सहमत. सरावासाठी तिघा-तिघांचे गट करा: एक विचारणारा, एक उमेदवार, एक निरीक्षक. ८ मिनिटं मुलाखत, ४ मिनिटं चर्चा, मग भूमिका बदलायच्या. तीन फेऱ्या ३६ मिनिटांत होतात.

प्रश्न तीनच, पण प्रत्येकावर दोन उपप्रश्न सक्तीचे: 'म्हणजे नेमकं काय केलंत?', 'तसं जमलं नसतं तर?' तुमची खरी अडचण इथेच सुटेल. निरीक्षकाने मत लिहायचं नाही, दिसलं-ऐकलं तेवढंच. 'आत्मविश्वास कमी' या शेऱ्याचं मूल काय करणार? 'प्रश्न संपायच्या आत बोलायला लागला' हे सुधारता येतं. पुढच्या फेरीत एकच गोष्ट बदलायला सांगा.

व्हिडिओ काढायचा तर मुलांची आणि पालकांची परवानगी घ्या, सगळ्यांसमोर लावू नका. आधी नुसता आवाज ऐकवा. चित्र दिसलं की मुलं स्वतःचे केस बघत बसतात!

वेळापत्रक:
एक गोष्ट राहिली. अर्धवेळ कामात 'कधी येऊ शकाल?' हा प्रश्न बहुधा येतोच, आणि 'कधीही' हे सगळ्यात वाईट उत्तर. परीक्षेच्या तारखा निघाल्या की सगळं फिसकटतं. क्लास, परीक्षा, येण्याजाण्याचा वेळ धरून आठवड्याचा तक्ता आधीच करायला लावा. वेळ ठरवायचा फोन पालकांनी नाही, मुलानेच करायचा. पोचायचं दहा मिनिटं आधी. अर्धा तास आधी जाऊन समोरच्याची पंचाईत करू नये. ऑनलाइन असेल तर कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, उजेड समोरून, आणि खात्याचं नाव तपासा. 'किलर_बॉय' नावाने कोणी आत यायला नको.

फळा_खडू:
तक्ता लक्षातच आला नव्हता. दोघं जण मात्र प्रश्न ऐकून गप्पच होतात. त्यांचं काय करू?

निवडसमिती:
त्यांना तीन वाक्यं द्या: 'जरा विचार करून सांगतो', 'प्रश्न पुन्हा सांगाल का?', 'हे मी केलेलं नाही, पण असं करून बघेन'. एवढी पाठ असली तरी हरकत नाही. मग प्रत्येक उत्तराआधी मनात पाचपर्यंत मोजायला लावा, गटातल्या सगळ्यांनाच. बोलणाऱ्याला ती शांतता लांबलचक वाटते, ऐकणाऱ्याला नाही. विचारणाऱ्याच्या खुर्चीत बसल्यावर हे त्यांना आपोआप कळतं. म्हणून या दोघांना पहिल्या फेरीत विचारणारे करा.