मळ्यावरची मंडळी: खुराड्यात लाईट न्यायचीय

मोठी वहिनी: नाना, जागे आहात का? आज पहाटे निफाडला पारा सहावर होता म्हणे. परवा गिरिराज जातीच्या कोंबडीची चाळीस पिल्लं आणलीत, आठवड्याचीसुद्धा नाहीत. भाऊजींनी बल्ब लावून दिलाय. मोठ्या कोंबड्यांच्या खुराड्यातही एक लावू म्हणतात. मला ते वायरीचं बघून धाकधूक होतेय. फोटो टाकते.

मोठी वहिनी: [फोटो]

नाना काका: सूनबाई, फोटो मोठा करून बघितला. बल्ब स्वतःच्याच वायरीला लटकतोय आणि खाली वीतभर अंतरावर भाताचं तूस. वायरीला टेपचा जोड आहे, तो गवतात पडलाय. आणि खुराड्याकडे एकच वायर जाताना दिसतेय. दुसरी कुठंय?

धाकटा: नाना, वायर कमी पडली. फेज घरातून घेतला आणि दुसरं टोक खुराड्याजवळ सळई ठोकून तिला दिलं. बल्ब एकदम फुल लागतो. इकडं मळ्यात बरेच जण असंच करतात.

नाना काका: आधी मेन पाड. मग ती वायर काढ. काढल्यावर इथं मेसेज टाक, तोवर कोणी तिकडं फिरकू नका. पोरांना घरात घ्या.

धाकटा: काढली.

नाना काका: आता सांगतो. अर्थिंगवर लाईट चालवली की बल्बचा सगळा करंट त्या सळईतून मातीत उतरतो. सळईभोवतीच्या ओल्या जमिनीत व्होल्टेज पसरतं. माणूस दोन पायांवर उभा असतो, गायीचे पुढचे-मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात, म्हणून जनावराला जास्त झटका बसतो. आणि सळईवरची वायर निसटली तर ते मोकळं टोक जिवंत. बल्ब मधे आहे म्हणून शॉक कमी लागेल असं समजू नको. थंड बल्बची तार करंट फारसा अडवत नाही, हातात धरणाऱ्याला जवळजवळ पूर्ण २३० व्होल्ट बसतात. तुझ्या खुराड्याला चारी बाजूंनी लोखंडी जाळी आहे. तिला ते टोक टेकलं असतं तर दार उघडायला गेलेली सूनबाई चिकटली असती.

मोठी वहिनी: 🙏 मग आज रात्री पिल्लांचं काय करू?

ताई (पशुवैद्यक): वहिनी, आजच्या रात्री पिल्लं घरातच घ्या. मोठ्या खोक्यात, तळाला कागद आणि तूस. बाटल्यांत गरम पाणी भरून गोणपाटात गुंडाळून मधे ठेवा, तीन-चार तासांनी बदला. खोकं वरून पूर्ण झाकू नका.

आत्या: आमच्या वेळी डालग्याखाली पिल्लं आणि शेजारी निखाऱ्यांची शेगडी असायची. वायरीची भानगडच नको.

ताई (पशुवैद्यक): आत्या, तेव्हा घरं कौलारू होती, वरून हवा खेळायची. आताच्या स्लॅबच्या बंद खोलीत शेगडी अजिबात नको. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो. झोपेतच माणूस जातो, पिल्लं तर आधी.

ताई (पशुवैद्यक): आणि मोठ्या कोंबड्यांच्या खुराड्यात गरम बल्ब लावूच नका. कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं. पिसं फुगवून ती आपली ऊब धरून ठेवते, निफाडची थंडी तिला सहज सोसते. तिला त्रास होतो तो झोंबऱ्या वाऱ्याचा आणि ओलीचा. वाऱ्याच्या बाजूला गोणपाट बांधा, पण वरची वीतभर फट मोकळी सोडा. सगळं बंद केलंत तर विष्ठेचा अमोनिया कोंडतो, मग डोळे चिकटणं आणि सर्दी सुरू. बसायचा दांडा थोडा रुंद घ्या, म्हणजे बोटं पिसांखाली झाकली जातात.

मोठी वहिनी: पण ताई, अंडी निम्म्यावर आलीत. थंडीनंच ना?

ताई (पशुवैद्यक): थंडीपेक्षा उजेडामुळे. अंडी देणाऱ्या कोंबडीला दिवसाचे १४ ते १६ तास उजेड लागतो. डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम ११ तासांचा. ९ वॅटचा साधा एलईडी पुरे, तो तापतही नाही. पण लावायचा पहाटे. संध्याकाळी लावून अचानक बंद केलात तर कोंबड्या अंधारात जमिनीवरच राहतात, दांड्यावर चढत नाहीत. खुडूक कोंबडीनं स्वतः काढलेली पिल्लं असती तर तिचीच ऊब पुरली असती. ही विकतची, आईविना आलेली, म्हणून बल्ब फक्त यांना हवा.

दादा: नाना, मग वायर विहिरीच्या स्टार्टरवरून घेऊ का? तिथून खुराडं जवळ पडतं.

नाना काका: नको. पंपाची लाईन दिवसाचे ठरलेलेच तास, कधी दिवसा तर कधी रात्री. पिल्लांना नेमकी पहाटे ऊब हवी आणि तेव्हा लाईन नसली तर काय करशील? शिवाय तिथं थ्री फेज. चुकून दोन फेजमधे बल्ब लागला तर ४०० च्या वर व्होल्ट जातात. घरातूनच घ्या.

नाना काका: धाकट्या, सामान लिहून घे. दीड एमएमची तीन कोअरची आर्मर्ड (लोखंडी तारेचं कवच असलेली) केबल, तांब्याची, अखंड, मधे जोड नको. अडीच फूट खोल चर, खाली वाळू, केबलवर पुन्हा वाळू, त्यावर विटांचा एक थर. उद्या कोणी तिथं फावडं मारलं तर आधी वीट लागेल. खुराड्याच्या भिंतीवर वर चढताना पाइपात घे, घुशी आणि उंदीर वायर कुरतडतात. घरच्या बोर्डात या लाईनला वेगळा ६ अँपिअरचा एमसीबी आणि त्याच्या जोडीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी.

धाकटा: नाना, एमसीबी असताना आरसीसीबी कशाला? खर्च वाढतोय.

नाना काका: एमसीबी वायर वाचवतो. ६ अँपिअरच्या वर गेलं तरच तो पडतो. माणसाच्या छातीतून त्याच्या कितीतरी कमी करंट गेला तरी हृदय थांबतं, तेव्हा एमसीबी नुसता बघत बसतो. आरसीसीबी फेजमधून गेलेलं न्यूट्रलमधून परत आलं का ते मोजतो. ३० मिलिअँपिअरचा फरक दिसला की क्षणात पडतो. खर्च वाचवायचाच तर मोठ्या खुराड्यातला गरम बल्ब गाळला, तो वाचला बघ.

नाना काका: आणखी एक. तिसरी हिरवी वायर जाळीला आणि दाराच्या लोखंडी चौकटीला बोल्टनं कस. घरच्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-पाणी घालून घे. जाळीला अर्थिंग असलं की फेज टेकताक्षणी आरसीसीबी पडेल, कोणी हात लावायची वाट बघणार नाही.

मोठी वहिनी: बल्ब कसा टांगायचा?

नाना काका: साखळीनं. वायरीवर वजन नको. होल्डर चिनी मातीचा, प्लास्टिकचा उष्णतेनं मऊ पडून बल्ब खाली येतो. बल्बभोवती जाळीचा पिंजरा. त्यावर पिसांची धूळ बसते, ती दर दोन दिवसांनी लाईट बंद करून, बल्ब गार झाल्यावर पुसा. स्विच आणि सॉकेट खुराड्याच्या बाहेर, छातीच्या उंचीवर, झाकणाच्या डब्यात.

ताई (पशुवैद्यक): एक १०० वॅटचा लावण्यापेक्षा ६० चे दोन लावा, एक उडाला तरी पिल्लं गारठत नाहीत. पुठ्ठ्याचं गोल कडं करा, कोपरा असला की पिल्लं तिथं दाटी करून चेंगरतात. पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. खरं तर पिल्लंच सांगतात. बल्बखाली गोळा होऊन चिवचिवली तर बल्ब खाली घ्या. कडेला पळून चोच उघडून धापा टाकायला लागली तर वर. सगळीकडे पांगून दाणे टिपताहेत म्हणजे बरोबर.

*(चार दिवसांनी)*

धाकटा: नाना, सगळं तुम्ही सांगितलं तसं केलं. पण आरसीसीबी रोज पहाटे पडतोय. दिवसा काही नाही.

दादा: रात्रीपुरता बायपास करू का? पिल्लं गारठतील.

नाना काका: बायपास करायचा नाही. पिल्लांना बाटल्या लावा. पहाटेच पडतो म्हणजे दवाचं पाणी कुठंतरी शिरतंय. मेन पाडून खुराड्याबाहेरचा डबा उघड आणि फोटो टाक.

धाकटा: [फोटो] आत ओल आहे. केबल वरून आत घेतली होती.

नाना काका: तिथंच आहे. केबलवरून ओघळणारं दव थेट सॉकेटवर जातंय. केबल खालून आत घे, आणि डब्याच्या आधी तिला खाली झोळ ठेव, म्हणजे पाणी तिथूनच टपकेल. आत जिथं शिरते तिथं ग्लँड (केबल आवळून धरणारी चकती) घट्ट कस. डबा उन्हात पूर्ण वाळू दे, मगच चालू कर.

*(दुसऱ्या दिवशी)*

मोठी वहिनी: नाना, आज पहाटे पडला नाही. पिल्लं छान पांगलीत 🙏

नाना काका: मी रविवारी मेगर (वायरिंग तपासायचं यंत्र) घेऊन येतो, केबल आणि अर्थिंग दोन्ही तपासू. तोवर धाकट्या, आरसीसीबीवर टेस्टचं बटण आहे ते दाबून बघ. दाबल्यावर पडला पाहिजे. नाही पडला तर लाईन बंद ठेव आणि मला फोन कर. नंतर दर महिन्याला दाबत जा.

धाकटा: दाबलं. लगेच पडला. परत वर केला.