मदत हवी आहे: आगीच्या वेळी रात्रपाळीच्या सुरक्षा रक्षकाने फाटक सोडावे की नाही?

कासारवडवली_सचिव
घोडबंदर रस्त्यालगतच्या एका गृहनिर्माण संस्थेचा मी सचिव आहे. मागच्या आठवड्यात पहाटेच्या सुमारास आमच्या मीटर खोलीतून धूर येऊ लागला. फाटकावरच्या रक्षकाने केबिनमधला फायर एक्स्टिंग्विशर उचलला, धावत जाऊन तो मारला आणि धूर थांबला. कोणालाही इजा झाली नाही. मात्र तेवढा वेळ फाटक उघडे आणि बिनपहाऱ्याचे राहिले, म्हणून कार्यकारिणीतल्या काही सदस्यांना हा रक्षक बदलून हवा आहे आणि उरलेल्यांना त्याचा सत्कार करायचा आहे. रविवारच्या सभेपूर्वी मला रक्षकांसाठी लेखी सूचनापत्र तयार करायचे आहे. कोणाकडे तयार नमुना असल्यास कृपया येथे द्यावा. कायद्यांची लांबलचक चर्चा नको आहे.

निवृत्त_फायरमन
नमुना देता येईल, पण तुमच्या इमारतीविषयी तुम्ही काहीच लिहिलेले नाही. मजले किती आहेत? रात्री रक्षक किती असतात? मीटर खोली जिन्याखाली आहे की स्वतंत्र? तिची किल्ली रात्री कोणाकडे असते? फायर पंप ऑटोवर (आपोआप सुरू होणारा) ठेवता की मॅन्युअलवर (हाताने सुरू करावा लागणारा)? आणि रक्षकाने मारलेला एक्स्टिंग्विशर कोणत्या प्रकारचा होता? तो पाण्याचा असता, तर विजेचा धक्का बसून रक्षकच दगावू शकला असता आणि सत्कार की बदली हा प्रश्नच तुमच्यापुढे आला नसता.

माजी_सुभेदार
नमुन्याआधी एजन्सीकडून त्या रक्षकाच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मागवा. खाजगी सुरक्षा एजन्सींचा कायदा 2005 सालचा आहे आणि त्याखालच्या केंद्राच्या आदर्श नियमांत नव्या रक्षकासाठी 100 तास वर्गातले आणि 60 तास प्रत्यक्ष मैदानातले प्रशिक्षण सांगितले आहे. आमच्यासारख्या माजी सैनिकांना ते 40 आणि 16 तासांवर येते. आग विझवणे आणि प्रथमोपचार हे दोन्ही विषय त्यात आहेत. प्रत्यक्षात गणवेश आणि शिटी हातात देऊन दुसऱ्या दिवशी माणूस फाटकावर उभा केला जातो. ज्याला कोणी शिकवलेच नाही, त्याला तुमच्या सूचनापत्राचा काय उपयोग?

नेरूळ_खजिनदार
मुळात एजन्सी घ्याच कशाला? राज्याचा 1981 चा कायदा आहे, त्याखाली सुरक्षा रक्षक मंडळ आहे आणि मंडळाकडून नोंदणीकृत रक्षक मिळतात. पगार, भविष्य निर्वाह निधी, रजा यांचा हिशेब मंडळ ठेवते. आमच्या कार्यालयात तेच आहेत आणि कटकट नाही.

माजी_सुभेदार
मंडळाचा रक्षक असला म्हणून त्याला आगीत काय करायचे हे आपोआप कळते काय? रक्षक कोठून आणावा हे सचिवांनी विचारलेलेच नाही.

कासारवडवली_सचिव
इतके तपशील लागतील असे वाटले नव्हते. बावीस मजले. रात्री दोन रक्षक. एक पुढच्या फाटकावर, दुसरा पार्किंगमध्ये फेरी मारतो. मीटर खोली तळमजल्यावर जिन्याला लागून आहे. एक्स्टिंग्विशर पावडरचा होता. पंपाचे आमचा इलेक्ट्रिशियन पाहतो आणि तो संध्याकाळी घरी जातो. मागचे फाटक रात्री अकरानंतर कुलूपबंद असते. आता तरी नमुना मिळेल का?

निवृत्त_फायरमन
आता लिहिता येते. तुमच्या कार्यकारिणीचा वाद ज्या प्रश्नावर अडला आहे, तो चुकीच्या टोकाकडून मांडलेला आहे. आगीच्या वेळी फाटक हीच सर्वांत महत्त्वाची जागा असते, पण चोराच्या भीतीमुळे नव्हे; आमची अग्निशमन दलाची गाडी तेथून आत यायची असते म्हणून.

धूर दिसला की पार्किंगमधल्या रक्षकाने अलार्मची काच फोडावी आणि वॉकीटॉकीवर फाटकाला कळवावे. फाटकावरच्याने 101 किंवा 112 ला फोन लावून संस्थेचे नाव, जवळची खूण, काय जळते आहे, कितव्या मजल्यावर आणि कोणी अडकले आहे का हे सांगावे आणि समोरचा ठेवेपर्यंत फोन ठेवू नये. घाबरलेला माणूस ‘आग लागली, लवकर या’ एवढे बोलून फोन ठेवतो आणि नियंत्रण कक्षातला माणूस पत्ता शोधत बसतो. त्यानंतर दोन्ही फाटके उघडी करून आतल्या रस्त्यावरच्या गाड्या हलवून घ्याव्यात. तुमचे कुलूपबंद मागचे फाटक मला धुराइतकेच काळजीचे वाटते. पुढच्या फाटकासमोर एखादा टेम्पो उभा असेल तर आमच्या गाडीने काय करावे?

फाटकावरच्याने फाटके सोडून आगीकडे जाऊ नये, पार्किंगमधल्याने आगीकडे जावे. एक्स्टिंग्विशर मारायचा तो आग लहान असेल, पाठीमागे बाहेर पडण्याची वाट मोकळी असेल आणि फोन झालेला असेल तरच. आधी हाताच्या मागच्या बाजूने दार तपासावे. दार तापलेले असेल तर ते उघडूच नये. विजेच्या आगीवर पावडर किंवा कार्बन डायऑक्साइड चालतो, पाणी चालत नाही. एक नळकांडे संपेपर्यंत आग आटोक्यात आली नाही तर दार ओढून घेऊन मागे फिरावे. पावडर मारून धूर थांबला म्हणजे काम संपले असेही नाही. पुरवठा चालू असेल तर तीच तार पुन्हा तापते.

पनवेलकर_सल्लागार
यापेक्षा सोपा उपाय म्हणजे मोबाइल ॲप. रक्षकाने एक बटण दाबले की सर्व सभासदांच्या फोनवर सूचना जाते. आम्ही हे बसवले आहे, कोणालाही धावावे लागत नाही.

निवृत्त_फायरमन
आणि सूचना मिळताच बावीस मजल्यांवरची माणसे एकाच वेळी जिन्यात येतात, ज्या जिन्याला लागून सचिवांची धुराची मीटर खोली आहे. धूर जिन्यात शिरला असेल तर वरच्यांनी दारे बंद करून, फटीत ओले कापड कोंबून घरात थांबणे किंवा मोकळ्या रेफ्यूज (आश्रयासाठी राखलेल्या) मजल्यावर जाणे सुरक्षित असते. सर्वांना खाली या म्हणायचे की घरातच थांबा म्हणायचे, हे धूर कोठे आहे ते पाहणाऱ्यालाच सांगता येते. ॲपचे बटण हा निर्णय घेणार नाही. शिवाय मीटर खोलीतून वर जाणारा केबल डक्ट प्रत्येक मजल्यावर बंद केलेला नसेल तर तो धुराड्यासारखा काम करतो. तुमचा डक्ट बंद आहे का, तेही पाहून घ्या.

वाशी_वायरमन
फायरमन साहेबांचा क्रम मला मान्य आहे, पण त्यांनी विजेचा मुद्दा अर्धवट सोडला. रक्षकांना सर्रास शिकवले जाते की आग दिसली की मेन स्विच पाडा. बावीस मजल्यांच्या इमारतीत हे डोळे झाकून केले तर लिफ्टमध्ये माणसे अडकतात. आधी लॉबीतला फायरमन स्विच दाबून लिफ्ट तळमजल्यावर आणावी, दारे उघडली आणि आत कोणी नाही हे पाहावे, मग पुरवठा तोडावा. तोही स्विच धुराबाहेर, हात पोहोचेल असा असेल तरच. पेटलेल्या खोलीत शिरून मेन पाडणे हे रक्षकाचे काम नाही. तेवढ्यासाठी महावितरणला कळवावे.

दुसरे असे की फायर पंपाचा पुरवठा स्वतंत्र हवा. तो तुमच्या मेनच्या पुढून, म्हणजे मेन पाडल्यावर बंद होणाऱ्या बाजूने घेतला असेल तर रक्षक आग विझवण्यासाठी मेन पाडेल आणि त्याच क्षणी हायड्रंटचे (आग विझवण्याच्या नळांचे) पाणीही बंद होईल. हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. पंप खोलीत जाऊन पॅनेल पाहा. ऐरोलीच्या एका इमारतीत सिलेक्टर (ऑटो की मॅन्युअल हे ठरवणारा स्विच) मॅन्युअलवर होता, त्यावर चिकटपट्टी मारलेली होती, आणि बाजूच्या नोंदवहीत रोज ‘सर्व ठीक’ अशी नोंद होती. कारण विचारले तर जॉकी पंप (नळांतला दाब टिकवणारा छोटा पंप) रात्री वारंवार सुरू होतो आणि पहिल्या मजल्यावरच्यांची झोपमोड होते.

नेरूळ_खजिनदार
त्यात रक्षकाचा काय दोष? चौदा-पंधरा हजारांच्या पगारावर बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसाकडून तुम्ही दोघे लिफ्ट, पंप, डक्ट, हायड्रंट एवढ्या सगळ्याची अपेक्षा ठेवता. माझ्या मते त्याने फोन करावा, फाटक उघडावे आणि बाजूला व्हावे.

निवृत्त_फायरमन
तुमच्या अर्ध्या म्हणण्याशी मी सहमत आहे. राज्याच्या 2006 च्या अग्निप्रतिबंध व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्यानुसार यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर, म्हणजे येथे संस्थेवर आहे. परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून जानेवारी आणि जुलैमध्ये नमुना ‘ब’ चे प्रमाणपत्र द्यावे लागते. पंप मॅन्युअलवर राहिला तर तो संस्थेचा दोष आहे आणि सूचनापत्राच्या आडून तो रक्षकाच्या माथी मारू नये. परंतु पाच मिनिटांचे काम शिकवलेला रक्षक आणि नुसता बाजूला होणारा रक्षक यांत फरक पडतो, हे तुम्हीही नाकारणार नाही.

घणसोली_रहिवासी
सूचनापत्र लिहितच आहात तर त्यात टाकीचेही लिहा. सांडपाण्याच्या टाकीचे किंवा मलनिस्सारण केंद्राचे झाकण उघडून कोणाही रक्षकाने आत उतरू नये, आत पडलेल्याला वाचवण्यासाठीसुद्धा नाही. तेथे हायड्रोजन सल्फाइड साचतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकाला वास कळेनासा होतो, आणि पहिल्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. हाताने मैला साफ करण्यावर 2013 च्या कायद्याने बंदी आहे, तरी ‘जरा बघून ये रे’ म्हणणारे सभासद प्रत्येक संस्थेत असतात.

कासारवडवली_सचिव
टाकीचा प्रश्न मी विचारला नव्हता, तरी तो मुद्दा घेतो. रक्षकाची बदली मी सभेत अडवीन. आज इलेक्ट्रिशियनला थांबवून पंप खोली उघडायला लावली. सिलेक्टर ऑटोवर आहे, पण फायर पंपाची केबल मुख्य स्विचच्या पुढूनच घेतलेली आहे. मीटर खोलीची किल्ली केबिनमधल्या खिळ्यावर इतर किल्ल्यांच्या जुडग्यात असते आणि बिल्ल्यांवरची शाई उडालेली आहे. केबल बदलायला पावसाळा उजाडेल. तोपर्यंत रक्षकांना मेनबद्दल काय सांगायचे?

वाशी_वायरमन
तोपर्यंत मुख्य स्विचला रक्षकाने हात लावू नये, असे स्पष्ट लिहा. धूर फक्त एका मजल्याच्या पॅनेलमधून येत असेल आणि तेथपर्यंत धुराशिवाय पोहोचता येत असेल, तर त्या मजल्याचा स्विच पाडावा. डिझेल पंप असल्यास त्याची टाकी भरलेली आणि बॅटरी चार्ज झालेली आहे हे दर आठवड्याला पंप प्रत्यक्ष चालवून तपासा, कारण मेन गेल्यावर तोच उरेल. किल्लीसाठी लाल रंगाचा बिल्ला आणि काचेची छोटी पेटी बसवा, खर्च नगण्य आहे.

निवृत्त_फायरमन
मागच्या फाटकाची किल्लीही त्याच पेटीत ठेवा. राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या चौथ्या भागात आगीचा सराव पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी आणि त्यानंतर दर सहा महिन्यांनी घ्यायला सांगितले आहे. तुमचा पहिला सराव दिवसा न घेता रात्री, पाळी बदलल्यानंतर, त्याच दोन रक्षकांसह घ्या. दलाला आधी लेखी कळवले तर माणसे येऊन पाहतात. त्या वेळी गाडी मागच्या फाटकातून वळते का, हे नकाशावर न ठरवता फीत लावून मोजून घ्या.