पाचव्या दिवशी कुठला सिनेमा?

सेक्रेटरी: गणपतीत पाचव्या दिवशी रात्री पार्किंगमध्ये पडदा लावतोय. सिनेमा सुचवा. उद्या प्रोजेक्टरवाल्याला सांगायचंय.

ए-३०२ काकू: 'अशी ही बनवाबनवी'. विषय संपला.

सी-२०१ दादा: काकू, तो सगळ्यांना पाठ आहे ओ. जरा दर्जेदार काहीतरी लावूया की. अशोक सराफ आवडतात मलाही, पण शेवटी विनोदी नटच.

बी-१०४ आजोबा: "शेवटी विनोदी नटच" वाचून राहवलं नाही, म्हणून मोठं लिहितोय. त्या सिनेमात साडी नेसतात सचिन आणि लक्ष्मीकांत. अशोकमामा नेसत नाहीत. ते दोघं गोंधळ घालणार आणि हा धनंजय माने घरमालकापुढं सरळ चेहऱ्यानं तो निस्तरणार. घरमालक झालेले सुधीर जोशी बोलत असतात तेव्हा मामांचे डोळे बघ. वाक्य समोरच्याचं, हशा यांचा. ते एकदा जरी हसले असते, तरी आपला त्या थापेवरचा विश्वास उडाला असता.

ए-३०२ काकू: अगदी! १९८८ चा सिनेमा, आमची नातवंडंही तितकीच हसतात.

सी-२०१ दादा: मान्य. पण गंभीर काम कुठं आहे?

बी-१०४ आजोबा: 'कळत नकळत' बघ. घर मोडायला आलंय आणि हा मामा रुसलेल्या भाचीची समजूत काढतोय. 'नाकावरच्या रागाला' त्यांनी स्वतः गायलंय. गाणं लहान मुलांचं, पण मला दरवेळी गलबलून येतं.
मी आयुष्यभर बँकेत होतो, म्हणून आणखी एक. मामाही स्टेट बँकेत नोकरी करत होते. दिवसभर लेजर आणि संध्याकाळी तालीम, यात काय दमछाक होते ते मला माहीत आहे. १९७५ ला 'पांडू हवालदार' आला, समोर दादा कोंडके. दादांपुढं भल्याभल्यांकडं लक्ष जात नसे. मामांकडं गेलं.

डी-४०३ ताई: त्यांचं पहिलं व्यावसायिक नाटक 'ययाति आणि देवयानी' ना? शिरवाडकरांचं?

बी-१०४ आजोबा: हो ताई, आणि त्यात ते विदूषक होते! ज्या कादंबरीवरून ते नाटक झालं ती वि. स. खांडेकरांची, आणि खांडेकर जन्मले आपल्या सांगलीत. १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी इथं 'सीता स्वयंवर' केलं. त्यांच्या खेळात सूत्रधाराच्या मागोमाग विदूषकच यायचा, देवांच्याही आधी. सांगलीच्या माणसानं तरी विनोदी नटाला "शेवटी" म्हणू नये, एवढंच माझं म्हणणं.

ए-३०२ काकू: मामांना महाराष्ट्र भूषण मिळाला, २०२५ ला पद्मश्री मिळाली, तेव्हा मी घरात पेढे वाटले होते. फार उशीर केला हो द्यायला.

सी-२०१ दादा: आजोबा, "शेवटी" मागं घेतो. 'कळत नकळत' आज रात्रीच बघतो.

सेक्रेटरी: 'बनवाबनवी' नक्की. साडेआठला आरती, नऊला सुरू. पावसाचा नेम नाही, खुर्च्या आतल्या बाजूला लावू. भडंग कोण करणार?

ए-३०२ काकू: मी. लसूण जास्त घालून.

बी-१०४ आजोबा: माझी खुर्ची पुढं ठेवा. लांबून डोळे दिसत नाहीत.

सी-२०१ दादा: मी तुमच्या शेजारी बसतो आजोबा. कुठं बघायचं ते सांगा.