चोर बाजारातलं ओमेगा कॉन्स्टेलेशन: डायल इतकं नवं कसं?

पार्लेकर_मीरा:
आजवर एचएमटी जनता आणि पायलटच जमवली. आता पहिल्यांदाच महागातलं घ्यायचा विचार आहे. मटण स्ट्रीटवरच्या एका दुकानात स्टीलचं ओमेगा कॉन्स्टेलेशन पाहिलं. ऑटोमॅटिक, तारखेचं, कडेने उतरतं 'पाय-पॅन' डायल. दुकानदार १९६४-६५ सालचं सांगतो. केसवर, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचावर, ओरखडेच ओरखडे, पण डायल पांढरंशुभ्र, ठिपकासुद्धा नाही. झाकण उघडून दाखवा म्हटलं तर 'वॉटरप्रूफ जाईल' म्हणाला. खरं-खोटं कसं ठरवायचं? कंपनीचा कागद मागवला की काम झालं का?

चावीवाला_गिरगाव:
मीराताई, झाकण उघडत नसेल तर भावाचं बोलूच नका. साठ वर्षांच्या घड्याळाचं वॉटरप्रूफ केव्हाच गेलेलं असतं आणि झाकणाखालची रबरी रिंग किरकोळ पैशांत बदलून मिळते. तुमच्यासमोर उघडायला लावा.

आत तांबूस मशीन दिसलं पाहिजे. त्यावरचा कॅलिबर नंबर, म्हणजे मशीनच्या प्रकाराचा नंबर, वाचा. त्या काळच्या तारखेच्या कॉन्स्टेलेशनमध्ये ५६१ असतो, थोड्या नंतरच्यात ५६४. हे प्रमाणित क्रोनोमीटर, म्हणजे अचूकतेची चाचणी पास झालेलं घड्याळ, त्यामुळे पाच स्थितींत आणि तापमानात जुळवल्याचा इंग्रजी मजकूर मशीनवर कोरलेला असतो. ५६२ किंवा ५६५ निघालं तर ते ओमेगाच्याच सीमास्टरसारख्या साध्या मॉडेलचं मशीन. चांगलंच असतं, पण या केसमधलं नव्हे. सीरियल नंबरही मशीनवरच असतो, या सालाचा असेल तर दोन कोटींच्या पुढचा. झाकणाच्या आत मॉडेल नंबर असतो, १६८.००५ असा काहीतरी. या तिन्हींचा मेळ बसायला हवा.

ओरखड्यांची काळजी करू नका, मला तर ते वाचून बरं वाटलं. बफ मारलेल्या केसच्या, पट्टा अडकवतात त्या शिंगांच्या कडा गोल होतात आणि झाकणावर कोरलेल्या वेधशाळेच्या चित्रातले आठ तारे पुसट होतात. तारे ठळक असतील तर केसला फारसा कुणी हात लावलेला नाही.

डायल मात्र मलाही खटकतंय, ते नंतर रंगवलेलं असू शकतं. दहापटीचं भिंग घेऊन जा. अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसतात का, 'स्विस मेड' तळाशी नीट मधोमध आहे का, तासांच्या पट्ट्यांच्या मुळाशी रंग साचलाय का, हे बघा. काट्यांवर चमकणारा मसाला असेल तर दिवा घालवून पाहा. तेव्हा त्यात ट्रिशियम हा किरणोत्सारी पदार्थ असायचा, त्याचं अर्धायुष्य सुमारे १२ वर्षं, म्हणजे दर १२ वर्षांनी तो निम्मा होतो. तो आज अंधारात बराच वेळ चमकत राहिला, तर नंतर भरलेला आहे.

दादर_घड्याळजी:
सगळं मान्य, पण डायल रंगवणं म्हणजे फसवणूक नव्हे. आयातीवर बंधनं होती तेव्हा नवं डायल आणायचं कुठून? गिऱ्हाइकाला स्वच्छ डायल हवं असायचं, आपल्याकडच्या कारागिरांनी ते हाताने करून दिलं. आता परदेशातले संग्राहक अशा रंगीत डायलांना 'मुंबई स्पेशल' म्हणून हिणवतात, त्याचं फार वाईट वाटतं. ताई, घड्याळ ठोके मोजणाऱ्या टायमिंग मशीनवरही लावून घ्या. ५६१चे ठोके ताशी १९,८०० असतात.

चावीवाला_गिरगाव:
दादा, हिणवणं मलाही सहन होत नाही. त्या कारागिरांमुळे कितीतरी फेवर लुबा आणि वेस्ट एंड घड्याळं आजही चालू आहेत, आणि वेस्ट एंड कंपनी तर १८८६ मध्ये मुंबईतच सुरू झालेली. माझं म्हणणं एवढंच की रंगवलेलं असेल तर तसं सांगून, तशा भावात विकावं.

कागदाचं राहिलं. पाटेक फिलिप, लाँजिन्ससारख्या कंपन्या जुन्या नोंदवह्यांतून उतारा देतात. हा नंबर कधी तयार झाला, कधी विकला, एवढं त्यातून कळतं. पुढे डायल कुणी बदललं ते वहीत कुठून येणार? २०२१ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात ओमेगाचं एक जुनं स्पीडमास्टर ३० लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं. ते निरनिराळ्या घड्याळांचे भाग जोडून केलेलं होतं हे २०२३ मध्ये कंपनीनेच मान्य केलं. आणि ते विकत घेतलं होतं ओमेगाच्याच संग्रहालयासाठी! म्हणून मी पहिला विश्वास उघड्या मशीनवर ठेवतो. ज्याला विक्रीत काही मिळणार नाही अशा घड्याळजीला तपासणीचे पैसे देऊन सोबत न्या.

पार्लेकर_मीरा:
आमच्या घड्याळजींना घेऊन गेले. थोडी घासाघीस झाली, पण उघडलं. ५६१ आहे, सीरियल दोन कोटींच्या पुढे, मॉडेल नंबर जुळतो, आठही तारे स्पष्ट. मात्र पट्ट्यांच्या मुळाशी रंग साचलेला दिसला. दुकानदाराने भाव बराच उतरवलाय. बिलावर सीरियल आणि मॉडेल हे दोन्ही नंबर आणि 'डायल रंगवलेले' असं लिहून द्यायला तयार आहे. घेऊ का?

चावीवाला_गिरगाव:
घ्या, ताई. केस आणि मशीन एका घरचं आहे, तेच मिळणं कठीण असतं. शिवाय असं बिल इथे क्वचितच कुणी देतं, तेव्हा हा दुकानदार सोडू नका. जुनं डायल पुढे मिळालं तरी हे फेकू नका. आणि सर्व्हिसिंग झाल्याशिवाय मनगटावर चढवू नका. वाळलेल्या तेलावर चालवलं तर रोटरची, म्हणजे हाताच्या हालचालीने फिरून चावी देणाऱ्या वजनाची, धुरी झिजते.