पडल्यानंतर सायकलच्या कार्बन फ्रेमवर केसासारखी रेघ आलीय, चालवू की नको?

बोपदेव_रविवार

नमस्कार मंडळी. रविवारी सकाळी बोपदेव घाट उतरताना एका वळणावर बारीक खडी पसरली होती, पुढचं चाक सटकलं आणि मी उजव्या अंगावर आपटलो. कोपर आणि मांडी सोलवटलीय, बाकी मी ठीक आहे. प्रश्न सायकलचा आहे. पाच वर्षं जुनी रोड बाईक, दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेली, फ्रेम, फोर्क (पुढचं चाक धरणारा भाग), हँडलबार, सीटपोस्ट (सीटखालची दांडी) सगळं कार्बन, चाकं तेवढी ॲल्युमिनियमची.

पडताना हँडल गरकन फिरून टॉप ट्यूबवर, म्हणजे फ्रेमच्या वरच्या आडव्या नळीवर आदळलं, तिथे साधारण २ सेंटिमीटरची रेघ दिसतेय, नख फिरवलं की किंचित अडकतं. उजवं ब्रेक लिव्हर आत वळलं होतं ते तिथेच हाताने सरळ केलं आणि हळूहळू घरी आलो. दुकानात दाखवली तर त्यांनी दोन मिनिटं बघून सांगितलं की नुसता पेंट आहे, बिनधास्त चालवा. पण मन मानत नाही. तीन आठवड्यांनी २०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) आहे आणि उतारावर पन्नासच्या स्पीडला हीच रेघ डोक्यात राहणार. नाण्याने वाजवून बघतात असं ऐकलं म्हणून वाजवलं, पण मला प्रत्येक ठिकाणी वेगळाच आवाज येतोय, त्यातून काय समजायचं? घरच्या घरी काय काय तपासता येईल? नवीन फ्रेम घेणं सध्या शक्य नाही.

थर_आणि_रेझिन

सगळ्यात आधी, तपासून होईपर्यंत सायकल भिंतीला लावून ठेवा, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही नको.

मी चिंचवडला कंपोझिटच्या कामात १४ वर्षं आहे, आम्ही सायकली बनवत नाही पण कापड आणि रेझिन तेच. कार्बन म्हणजे कार्बनच्या धाग्यांच्या कापडाचे पातळ थर एकावर एक ठेवून इपॉक्सीने चिकटवलेले असतात. ॲल्युमिनियमला मार बसला की पोचा पडतो, वाकतं, म्हणजे डोळ्याला दिसतं. कार्बनमध्ये मार बसल्यावर वरचा थर परत जागेवर येतो आणि आतले थर एकमेकांपासून सुटलेले राहू शकतात, वरून काही कळत नाही. उलटंही होतं, पेंट कडक असतो म्हणून नळी क्षणभर दबली की पेंट तडकतो आणि आतलं कार्बन ठणठणीत असतं. तुमच्या केसमध्ये दोन्ही शक्य आहे, दोन मिनिटं नुसतं बघून कुणालाच सांगता येणार नाही.

नाण्याचं म्हणाल तर माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो ना, तसंच आहे ते, तडकलेला माठ बद्द वाजतो. फक्त सायकलच्या नळीची जाडी सगळीकडे सारखी नसते, सांध्याजवळ जाड आणि मध्ये पातळ, म्हणून तुम्हाला वेगवेगळे आवाज आले. पंखा टीव्ही बंद करा, नाणं सैल धरा आणि एक एक सेंटिमीटर पुढे सरकत हलकेच वाजवत जा. आवाज हळूहळू बदलत गेला तर ती जाडी. पण बोटभर जागेत एकदम बद्द झाला आणि पुढे परत खणखणीत, तर तिथे शंका घ्यायची. नळीच्या डाव्या उजव्या बाजूला बरोबर समोरासमोरच्या जागा एकमेकांशी ताडून बघा, त्याने कान तयार होतो.

मग रेघेच्या दोन्ही बाजूंना अंगठ्याने दाबा. मऊ लागलं, आत गेल्यासारखं झालं किंवा बारीक कट् असा आवाज आला तर विषय संपला. केमिस्टकडून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणून फडक्याने पुसा आणि वाळताना बघत राहा, चीर असेल तर बाकीचं वाळल्यावरही तेवढी रेघ ओली राहते. पण ही चीर पेंटमध्येच आहे की खाली उतरलीय ते त्यातून कळत नाही. त्यासाठी रेघेवरचा पेंट ८०० च्या पॉलिश पेपरने पाणी लावून अगदी हलक्या हाताने काढायचा. पेंटबरोबर रेघ गेली तर छान. रेघ काळ्या कापडात उतरलेली दिसली तर तिथेच थांबा, पुढे घासलं तर तुम्ही स्वतःच धागे कापाल. मास्क आणि हातमोजे घालूनच करा, ती भुकटी अंगाला खाजते आणि फुफ्फुसाला चांगली नाही. सीटपोस्ट काढून मोबाईलला लावायचा एंडोस्कोप कॅमेरा आत सोडता आला तर आतली बाजूही बघा.

गोदाकाठ

वरचं सगळं बरोबर आहे पण मला त्या रेघेपेक्षा तुमचं वळलेलं लिव्हर जास्त खटकतंय. लिव्हर हलतं तेव्हा त्याची धातूची पट्टी हँडलबारला आवळलेली असताना फिरते, आणि ती जागा बार टेपच्या (हँडलला गुंडाळलेल्या पट्टीच्या) खाली असते म्हणजे कुणी बघतच नाही. टेप काढा. नवीन टेप लागेल, लागू दे.

हे अनुभवाने सांगतेय. दोन वर्षांपूर्वी मी नाशिकमध्ये सिग्नलला उभ्या उभ्या पडले, क्लीट (बूट पेडलमध्ये अडकवणारी पट्टी) निघाली नाही एवढंच, लिव्हर जरासं वळलं, सरळ केलं आणि विसरून गेले. तीन महिन्यांनी चढावर उभं राहून जोर लावला की हँडलमधून कुरकुर यायला लागली, मी स्टेमचे (हँडलला फोर्कशी जोडणाऱ्या भागाचे) बोल्ट तपासले, हेडसेटला (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगना) ग्रीस लावलं, काही फरक नाही. शेवटी टेप सोडली तर लिव्हरच्या पट्टीखाली धागे उभे राहिलेले, माझ्या बोटात एक कुसळासारखा घुसला. त्या हँडलवर मी तीन महिने उतार केले होते, आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

तर लिव्हर पूर्ण काढून त्याखालची जागा, मग स्टेम जिथे हँडल पकडतं तिथली जागा. कापसाचा बोळा फिरवा, उचकटलेला धागा असेल तर कापूस अडकून राहतो. टॉर्च समोरून न धरता बाजूने तिरकी धरा. नंतर फोर्क सोडवून बाहेर काढा आणि स्टीअरर, म्हणजे फोर्कची फ्रेममधून वर स्टेमपर्यंत जाणारी नळी बघा, स्टेमच्या खालच्या कडेला आणि खालच्या बेअरिंगच्या वर. त्याच्या आत आवळून बसवलेला एक्सपांडर प्लगही काढून बघा.

आणि "एवढा लांब चालवत आणलाय म्हणजे काही झालं नाही" असं मनाला समजावू नका. २००६ च्या परी रूबे या फ्रान्समधल्या सायकल शर्यतीत अमेरिकेचा सायकलपटू जॉर्ज हिंकापी आधी एकदा पडला, उठून पुढे चालवत राहिला, आणि नंतर दगडी रस्त्यावर त्याचा स्टीअरर तुटून हँडल हातात आलं. तो स्टीअरर ॲल्युमिनियमचा होता, कार्बनचा नाही. म्हणजे पडल्यावर उघडून बघायचं हे सगळ्यांनाच लागू आहे.

मुलुंड_ते_माळशेज

पॉलिश पेपरचं काम पहिल्यांदाच करत असाल तर शक्यतो जाणकार माणसासमोर करा, हाताचा अंदाज नसेल तर चांगल्या नळीचं नुकसान होतं.

सेकंडहँड घेतलीय म्हणताय म्हणून दोन गोष्टी. सीटपोस्ट वर्षभर काढलेलाच नसेल तर आधी निघतोय का बघा, घाम आणि आमच्याकडची खारट दमट हवा यांनी कार्बन आणि ॲल्युमिनियम जिथे एकमेकांना लागतं तिथे ॲल्युमिनियम गंजतं, पांढरी पूड धरते आणि भाग जाम होतात. मग कुणीतरी पाना लावून पिळतो आणि चांगली फ्रेम तडकते. आणि परत बसवताना ग्रीस नको, कार्बन पेस्ट लावा, त्यातल्या बारीक कणांमुळे कमी आवळूनही पकड बसते. टॉर्क रेंच (किती आवळलं ते मोजणारा पाना) नसेल तर मागून आणा, भागावर छापलेला आकडाच पाळा, बहुतेक वेळा ४ ते ६ न्यूटन मीटर असतो. कार्बनचं बरंचसं नुकसान पडून नाही तर अंदाजाने आवळून होतं असं माझं ठाम मत आहे. स्टँडला लावताना टॉप ट्यूबला पकडू नका, सीटपोस्टला पकडा.

बोपदेव_रविवार

मंडळी, दोन संध्याकाळी याच कामात गेल्या, सगळ्यांचे मनापासून आभार.

टॉप ट्यूब: रात्री बाराला सगळीकडे शांत झाल्यावर वाजवली, दोन्ही बाजू सारख्या. अंगठ्याने दाबून काही नाही. पेंट एका ओळखीच्या गाडी पेंटरच्या हातून काढून घेतला, लाल गेला, खालचा करडा प्रायमर आला, रेघ त्यात होती, प्रायमर गेला तशी रेघही गेली आणि खाली कापडाची वीण अखंड. फोर्क काढला, स्टीअरर स्वच्छ.

मग टेप सोडली. गोदाकाठ ताई, तुम्ही म्हणालात तेच. उजव्या लिव्हरच्या पट्टीखाली, हँडलच्या खालच्या बाजूला, नखाच्या आकाराची चंद्रकोर उमटलीय. दिसायला टॉप ट्यूबच्या रेघेपेक्षा कितीतरी किरकोळ. कापूस फिरवला तर दोन तंतू अडकले, अंगठ्याने दाबलं आणि कट् आवाज आला. बायको शेजारी टॉर्च धरून उभी होती, तिलाही ऐकू आला. फ्रेम फ्रेम करत बसलो होतो आणि खराबी हातात धरायच्या जागी होती. हे रिपेअर होतं का?

थर_आणि_रेझिन

फ्रेमच्या नळ्या चांगल्या माणसाकडून रिपेअर करता येतात, हँडलबार आणि स्टीअररच्या भानगडीत पडू नका, बदला. साधा ॲल्युमिनियमचा हँडलबार घ्या, वजन थोडं वाढेल, बीआरएमला १३ तास ३० मिनिटं असतात, काही फरक पडत नाही. टॉप ट्यूबवर उघडं पडलेलं कार्बन क्लिअर कोटने झाका, पाणी आणि ऊन लागायला नको. १०० किमी झाले की तीच जागा परत एकदा वाजवून बघा.

गोदाकाठ

जुना हँडलबार माळ्यावर ठेवू नका आणि कुणाला देऊही नका, वरून चांगला दिसतो म्हणून कुणीतरी लावेल. करवतीने कापा, मास्क घालून, पाणी मारत मारत.

बोपदेव_रविवार

नवीन हँडल बसवलं, टॉर्क रेंच मित्राकडून आणला, ५ न्यूटन मीटर. जुना आज बरोबर चंद्रकोरीवरून कापला, डावीकडेही त्याच जागी. डाव्या बाजूचा काप काचेसारखा गुळगुळीत आहे. उजवीकडे चारपाच थर खारीच्या पापुद्र्यांसारखे सुटलेत, मधल्या फटीत नख जातं.